पाइपाला कान

खुर्चीत बसले की काका स्वतःच बाही वर करायचे आणि म्हणायचे, "घे बाय, सोड पाणी."

कोपरीतल्या लॅबमध्ये मी रक्त घेते. काका बाळकुमचे, महापालिकेतून निवृत्त झालेले चावीवाले. कुठल्या गल्लीला कधी पाणी सोडायचं ते त्यांच्या हातात होतं. असा माणूस तुमच्याही ओळखीचा असेल, पाणी आलं नाही की शिव्या खाणारा. मीटरवर त्यांचा काडीचा भरवसा नव्हता. "मीटर खोटं बोलतो. पाइपाला कान लावायचा." आमच्या लॅबच्या पाइपालाही त्यांनी एकदा कान लावला आणि गळती कुठे आहे ते बरोबर सांगितलं.

प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला, हॉर्मोनची इंजेक्शनं सुरू झाली. दर तीन महिन्यांनी आमच्याकडे पीएसएची तपासणी, कॅन्सर वाढला की रक्तातला हा आकडा चढतो.

"आकडा काय म्हणतो?"

"उतरलाय, काका."

एवढं ऐकलं की संध्याकाळी आम्हाला गरम भजी. तो रिवाजच पडला.

दुसऱ्या वर्षी रिपोर्ट न्यायला लंगडत आले. पँट दोरीने बांधलेली. "कंबर लय दुखते बाय. डॉक्टरला आताच दाखवू का?"

मी रिपोर्ट पाहिला. आकडा एकाच्याही खाली. "काही नाही हो, वयाचं आहे. पुढच्या महिन्यात तारीख आहेच, तेव्हा सांगा."

मी कोण सांगणारी? पण सांगितलं. काका खूश. भजी आणली, स्वतः मात्र एकही खाल्लं नाही. ते मी पाहिलं होतं.

महिन्याने डॉक्टरांनी स्कॅन केला, यकृतातला तुकडा तपासला. कॅन्सरने जात बदलली होती. ही जात दुर्मिळ, झपाट्याने पसरणारी, आणि ती पीएसए वाढवतच नाही. केमो सुरू झाली.

केमोआधीचं रक्त द्यायला आले तेव्हा मी म्हटलं, "काका, माझं चुकलं."

बाही वर करून ते सुईकडे बघत राहिले. "जन्मभर दुसऱ्यांच्या पाइपाला कान लावला. माझ्या टायमाला मीटरवर गेलो. तू कशाला रडतेस?"

मी रडत नव्हते. मला काहीच वाटत नव्हतं. शीर सापडेना, तीनदा टोचलं.

तिसऱ्या केमोनंतर काका गेले. शेवटचा रिपोर्ट न्यायला कोणी आलं नाही, तो माझ्या खणात आहे. आकडा आजवरचा सगळ्यात चांगला आहे.