बिनवासाचा गुलाब

मी कशावर विश्वास ठेवणारा माणूस नाय. सातवी नापास झालो तेव्हा निकालावर पण ठेवला नव्हता. भूत, नवस, अंगात येणं — सगळ्याला हसत आलो. हे मोबाईलमध्ये बोलून टाईप करतोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

राहायला सातपूरला, चाळीत. कामाला दिंडोरी रोडला, गुलाबाच्या पॉलिहाऊसवर पॅकिंगला. आमचा गुलाब दिसायला हिरो, पण वास शून्य. टिकायची जात हाय ती, वास नसतोच तिला. मी सगळ्यांना सांगायचो, आमचा गुलाब माझ्यासारखाच, नुसता उभा राहतो. बायको म्हणायची, "तो निदान विकला तरी जातो."

शेजारी मार्था मावशी. ख्रिश्चन. नवरा वारला, एकच पोरगा — विलास, अंबडला कंपनीत. मागच्या वर्षी त्याची बाईक डंपरला धडकली... डोक्याला मार, शुद्धच नाय. डॉक्टर म्हणले, मशीनवर हाय तोवर हाय, मशीन काढून घरी न्यायचं तर सही करा. मावशीचे दीर सहीच्या मागंच लागले. मावशी म्हणली, "मला नऊ दिवस द्या."

तिच्या घरात एक फोटो हाय. तपकिरी झग्यातली तरणी बाई, हातात क्रॉस आणि गुलाब. मी विचारलं, ही कोण?

"छोटं फूल म्हणतात हिला. फ्रान्सची, कार्मेल मठातली. पंधराव्या वर्षी मठात गेली, चोविसाव्या वर्षी छातीच्या आजारानं वारली. म्हणली होती, वर गेल्यावर गुलाबांचा पाऊस पाडीन. नऊ दिवस प्रार्थना करायची, दत्तू. ऐकली असली तर कुठून तरी गुलाब येतो."

"आणि नाय आला तर?"

"तर सही करीन."

आता सांगा, गुलाबाच्या कामाला कोण? मी. मला वाटलं, लय डोकं हाय आपल्याला. आठव्या दिवशी रिजेक्टच्या ढिगातून एक लाल उचलला. उचलताना बाहेरची पाकळी माझ्याच नखानं फाटली. नवव्या दिवशी सकाळी मावशी नळावर होती. कळीवर आम्ही जाळीची टोपी चढवतो, ती काढून खिशात कोंबली, गुलाब तिच्या खिडकीत ठेवला, आणि नळापाशी "येतो मावशी" म्हणत पळालो.

दुपारी डबा उघडला आणि तसाच बंद केला. एका आईचा फैसला मी रिजेक्ट मालावर लावून आलो होतो.

संध्याकाळी ठरवलं, सांगून टाकायचं. दारात गेलो तर... वास. गुलाबाचा, अख्ख्या खोलीत. माझी बायको तिथंच बसलेली, म्हणते, "मावशी, अत्तर सांडलं का?" फोटोपुढं पेल्यात गुलाब. तोच. तीच फाटकी पाकळी. नाकाशी नेला, वास त्यालाच येत होता. रोज एवढे गुलाब हातातून जातात, एकाला कधी वास आला नाय.

गुलाब पेल्यात परत ठेवला आणि न सांगताच घरी आलो. एरवी माझं तोंड बंद होत नाय. मावशीनं सही केली नाय.

तिसऱ्या आठवड्यात विलासनं डोळे उघडले. लोक म्हणले चमत्कार. मशीन निघालं, घरी आणला, पण आज आठ महिने झाले... तो आईला ओळखत नाय. बोलत नाय. मावशी चमच्यानं पेज भरवते. कूस बदलायला मी हात लावतो, आणि दर वेळी वाटतं — हा वाचलाय, का मी ह्याला अडकवून ठेवलाय?

गेल्या रविवारी राहवलं नाय. म्हणलं, "मावशी, तो गुलाब मी ठेवला होता. काय शिव्या द्यायच्या त्या द्या."

तिनं विलासचं तोंड पुसलं. "माहीत हाय. तुझी जाळीची टोपी नळापाशी पडली होती. धड चोरी पण येत नाय तुला."

"मग सही का नाय केली?"

"अरे, कुणाच्या तरी हातूनच येणार ना? ती फोटोतली काय बसनं येणार हाय सातपूरला?" मग त्याची उशी सरळ केली. "पण एक सांग. रोज सांगायचास ना, आमच्या गुलाबाला वास नाय म्हणून... मग त्याला वास कुठनं आणलास?"

आता कामावर प्रत्येक जुडी हुंगून पेटीत भरतो. सुपरवायझर म्हणतो, "दत्त्या, सर्दी झाली का?" मी हो म्हणतो. एकाला पण वास येत नाय. एकदा तरी यावा असं वाटतं... आणि आलाच तर विलाससाठी नेमकं काय मागायचं, तेच कळत नाय.