सुप्रभाअक्कांचे चौकोनी कंस

आमच्या घरात बिस्किटांच्या डब्यात धन्याची पूड असते, कॉफीच्या बाटलीत मोहरी असते, आणि ते घरातल्या सगळ्यांना ठाऊक असतं. सुप्रभाअक्कांना मात्र हे खपत नाही. अक्का म्हणजे माझ्या मोठ्या नणंद. लग्न केलं नाही, वरच्या मजल्यावर राहतात, जेवायला खाली येतात. "वत्सला, डब्यावर एक लिहिलेलं, आंत दुसरंच. हा काय न्याय?" असं आठवड्यातून एकदा तरी त्यांचं होतंच. मी म्हणते, अक्का, झाकण उघडून बघा की. "तेंच तर! झाकण उघडून बघायचं, मगच नांव घ्यायचं."

या एका वाक्यावर त्यांनी सगळी नोकरी काढली. तंजावुरातल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात त्या कॅटलॉग करायच्या, आणि तोही पुस्तकांचा नव्हे, चित्रफितींचा. पुस्तकाचं सोपं असतं. पहिलं पान उघडलं, नाव उतरवलं, झालं. चित्रफीत तशी हाती लागत नाही. नियम असा की वरच्या खोक्यावर किंवा चिठ्ठीवर काय लिहिलंय त्यावर विश्वास ठेवायचा नाही. फीत लावायची आणि पडद्यावर जे नाव येईल ते घ्यायचं. किती वेळ चालते, रंगीत की काळी-पांढरी, आवाज आहे की नाही, कोण दिसतं, कोणत्या भाषेत बोलतं, सगळं स्वतः बघून लिहायचं. आणि पडद्यावर नावच नसेल तर आपण एक साधं नाव द्यायचं, पण ते चौकोनी कंसात. म्हणजे वाचणाऱ्याला कळतं की हे फितीनं सांगितलेलं नाही, कॅटलॉग करणाऱ्याचा अंदाज आहे.

हे कंस अक्का घरी घेऊन आल्या. "मला वाटतं" हे शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकले नाहीत. अंदाज करायची वेळ आली की त्या दोन्ही हातांच्या बोटांनी हवेत दोन चौकोनी कंस काढतात आणि मधे शब्द ठेवतात. एकदा मी मोठ्या हौसेनं कोरमा केला होता. अक्कांनी घास घेतला, थोडा विचार केला, हवेत कंस काढले आणि म्हणाल्या, "आमटी?" मी त्यानंतर दोन दिवस त्यांच्याशी धड बोलले नाही. त्यांना ते समजलंही नाही, याचाच मला जास्त राग आला.

तर निवृत्त झाल्यावर ही बाई घरात बसून माझ्या डब्यांना कंस घालणार, या धास्तीनं मीच त्यांना मेलवीथी रस्त्यावरच्या एका ट्रस्टच्या वाचनालयात नेऊन सोडलं. ट्रस्टनं तंजावुरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या मराठी घरांतून जुन्या व्हिडिओ कॅसेटी मागवल्या होत्या. लग्नं, मुंजी, डोहाळजेवणं, नवरात्रातला बाहुल्यांचा कोलू, जे काही असेल ते. कॅसेटी पोत्यांनी आल्या. त्यांतलं पाहायला यंत्र कुणाच्याच घरी उरलं नव्हतं, म्हणून कीळवाशलजवळ स्टुडिओ चालवणाऱ्या साईरामनं आपलं एकुलतं एक चालू यंत्र वाचनालयात आणून ठेवलं. कॅसेट लावायची, ती चालता चालता संगणकात उतरत जायची, आणि अक्का समोर बसून नोंद सांगायच्या. टाइप करायला कोण? मीच. खड्डा खणला मी आणि पडलेही मीच.

पहिल्याच आठवड्यात भांडण झालं. एका कॅसेटवर सुंदर अक्षरात 'श्रीकरची मुंज' असं लिहिलेलं. मी आपलं तेच टाइप करून मोकळी झाले. अक्कांनी ते खोडायला लावलं आणि कॅसेट शेवटपर्यंत चालवली. थोडा वेळ मुंज होती. बटू मातृभोजनाला आईच्या मांडीवर बसला, तिनं घास उचलला, आणि तेवढ्यात पडद्यावर क्रिकेटची मॅच सुरू झाली. घरातल्या कुणीतरी मुंजीवरच मॅच भरून घेतली होती. अक्कांनी शांतपणे लिहवून घेतलं: आरंभी मुंज, पुढे क्रिकेट, मुंज अपुरी. श्रीकर आता बँकेत मोठा साहेब आहे. तो तणतणत आला. अक्का त्याला म्हणाल्या, "तुझी मुंज पुरी झाली रे, कॅसेटींतली झाली नाहीं. मी कॅसेटीचं लिहिते."

दुसरी पंचाईत नावांची. पडद्यावरची माणसं ओळखायला आम्ही घरोघरच्या म्हाताऱ्यांना बोलावत होतो, आणि आमच्यातल्या जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. "हे कोण?" "आमच्या घरचे." "त्यांचं नांव?" "तें कसं सांगू? तुमाला माहीत अहे की!" मग शेजारची दुसरी म्हातारी हळूच नाव पुटपुटायची, आणि अक्का ते कंसात घालायच्या. कारण ज्या बाईला खात्रीनं ठाऊक होतं तिनं काही ते सांगितलं नव्हतं.

मार्गळीच्या महिन्यात, डिसेंबरातल्या एका सकाळी अनिरुद्धराव आले. ओरत्तनाडूजवळ त्यांची शेती आहे. ऐंशीच्या पुढचे, अंगावर इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात पिवळी कापडी पिशवी. पिशवीत एकच कॅसेट, पंच्यात गुंडाळलेली. त्यांच्या मुलीच्या, हरिताच्या लग्नाची. हरिता आता परदेशात असते.

"यांत माझी बायको बोलते," ते म्हणाले. मग थांबून, आमच्या जुन्या बायकांसारखे लाजत, तिचं नावही त्यांनी सांगितलं. "राजम. जाऊन तीन वर्सं झालीं. फोटो पुष्कळ अहेत. आवाज कुठेंच नाहीं. कुणी फोन पुढें धरला कीं ती आंत पळायची. नातवाच्या फोनांत थोडं होतं, तो फोन पाण्यांत पडला." त्यांनी पंचा सोडून कॅसेट टेबलावर ठेवली. "पहिल्यानें रोज कानांत यायचा. अत्तां आठवायला बैसलं तर शब्द येतात, आवाज येत नाहीं. तेवढा एकदा ऐकवा, अक्का."

मी उठून साईरामला हाक मारली.

साईरामनं कॅसेटची झडप उचलून बघितली आणि चेहरा पाडला. फितीच्या कडेला पांढरी बुरशी होती. ऐप्पसीच्या, म्हणजे दिवाळीच्या सुमाराच्या पावसात घरात कपाटं दमट होतात, त्यात हिची वाट लागलेली. तो तमिळमध्ये म्हणाला, "पुसून लावतो. पण एकदाच चालेल. कुठे तुटली तर तुटली. आणि ही बुरशी माझ्या यंत्रात गेली तर यंत्रही जाईल."

"लाव," अक्का म्हणाल्या.

लग्न सुरू झालं. पडद्यावर फिरत फिरत नाव आलं, दोन हृदयं आली, कमळ उमललं, त्यातून नवरा-नवरी बाहेर आली. अक्का नोंद सांगत होत्या, मी टाइप करत होते, अनिरुद्धराव खुर्चीच्या अगदी कडेला बसले होते. राजमबाई दिसल्या. नऊवारी नेसलेल्या, ठेंगण्या, सारख्या कुणाला ना कुणाला काहीतरी सांगत असलेल्या. त्यांचे ओठ हलत होते आणि आवाज मात्र सिनेमातल्या गाण्याचा येत होता.

आधी वाटलं एवढ्या भागावरच गाणं असेल. पण गाणं संपलं की दुसरं गाणं. सीमांतपूजन झालं, कन्यादान झालं, सूनमुख झालं. एक शब्द ऐकू येईना. माझ्या डोक्यात हळूहळू उजेड पडला. त्या काळी आमच्या सगळ्या लग्नांत हाच घोळ झाला आहे. व्हिडिओवाला तमिळ. आमची मराठी त्याला कळायची नाही, ती त्याला नुसता गोंगाट वाटायची, म्हणून नीट दिसावं या चांगल्या हेतूनं तो बोलणं सगळं पुसून वर गाणी घालायचा. आणि आम्हीही कौतुकानं म्हणायचो, कसं सिनेमासारखं झालंय!

राजमबाई पडद्यावर आल्या की अनिरुद्धराव पुढे वाकायचे, गाणं तसंच चालू राहिलं की पुन्हा मागे व्हायचे. शेवटी हात जोडलेलं चित्र आलं, खाली तमिळमध्ये 'वणक्कम'. मग पडदा निळा झाला.

"मुडिंजिदु," साईराम म्हणाला. संपलं. त्यानं बटणाकडे हात नेला.

अक्कांनी त्याचा हात बाजूला केला. "फीत फिरते अहे की अजून."

"मॅडम, निळं आलं म्हणजे काही नाही. रिकामी फीत आहे. बुरशी यंत्रात जातेय नुसती!"

"रिकामी अहे हें कुणी बघितलं?"

"सगळ्या कॅसेटींत असंच असतं, मॅडम!"

"मणूनच बघायची."

मलासुद्धा अक्कांचा राग आला. समोर म्हाताऱ्या माणसाचा जीव तुटतोय, पोराचं पोटापाण्याचं यंत्र बिघडतंय, आणि बाई आपल्या नियमाला चिकटून निळा पडदा बघत बसल्या आहेत. मी म्हणाले, "अक्का, पुरे करा." त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. बटणावर तळहात ठेवून बसून राहिल्या. यंत्र घरघर करत होतं. साईराम उठून दारात जाऊन उभा राहिला. अनिरुद्धरावांनी पंचा उचलून त्याची घडी घालायला घेतली.

पडदा एकदा थरथरला आणि त्यात भाताची परात दिसली.

नाव नाही, फुलं नाहीत, गाणं नाही. साईराम धावत आत आला. त्यानंच मग सांगितलं. व्हिडिओवाल्यानं काटकसर केली होती. ज्या कॅसेटवर आधी लग्न टिपलं, त्याच कॅसेटवर नंतर गाणी घातलेली फिल्म उतरवून दिली. फिल्म लहान, कॅसेट लांब. म्हणून शेवटाला जुनं, न पुसलेलं तसंच राहिलं होतं. वणक्कम आलं की सगळेच उठतात, त्यामुळे इतक्या वर्षांत तिथपर्यंत कुणी गेलंच नव्हतं.

चित्र वाकडं होतं. पंगत उठत आलेली, पानं उचलली जात होती, पळ्यांचा आणि बादल्यांचा आवाज. त्यातून एक बारीक, थोडा बसलेला, घाईतला आवाज आला. राजमबाई सरळ कॅमेऱ्याकडे बघत होत्या.

"अरे, या फोटोवाल्या पोराला पान मांडलं कां कुणी? सकाळपासून उभा अहे तो. तंबी, तें खाली ठेव, जेव पहिल्यानें. साप्पिडु, साप्पिडु."

अनिरुद्धरावांच्या हातातला पंचा खाली पडला. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं आणि तरी बघितलंच. ते हसत होते. तोंड उघडं ठेवून, लहान मूल हसतं तसं.

राजमबाई पदरानं कपाळ पुसत वळल्या. कॅमेऱ्याच्या बाहेर, उजवीकडे कुणीतरी होतं. त्यांचा आवाज एकदम उतरला, घरातला झाला.

"अहो, तुमी जेवलांत कीं नाहीं?"

उत्तर काही आलं नाही. कुणीतरी मधेच बादली आपटली.

"नाहीं," अनिरुद्धराव म्हणाले. पडद्याकडे बघून, अगदी साध्या आवाजात. "नाहीं जेवलों अजून."

तेवढ्यात फीत अडकली, यंत्रानं एक चिरका आवाज काढला आणि सगळं थांबलं. साईरामनं संगणकाकडे बघून मान हलवली. उतरलं होतं. सगळं उतरलं होतं. त्याचं यंत्र पुढे आठवडाभर आजारी राहिलं, पण त्यानं एका शब्दानं कधी बोलून दाखवलं नाही.

अनिरुद्धराव पहाटेच्या बसनं निघाले होते. खरोखरच काही खाल्लेलं नव्हतं. वाचनालयात खाण्यास मनाई आहे. तशी पाटी भिंतीवर आहे, तीन लिप्यांत, आणि तिन्ही अक्कांच्या हातच्या आहेत. अक्का उठल्या, पाटीखालच्याच कपाटातून आपला डबा काढला, झाकणात दहीभात वाढला, कडेला नारत्तंगाय या मोठ्या आंबट लिंबाचं लोणचं ठेवलं आणि झाकण त्यांच्यापुढे सारलं. "जेवा," म्हणाल्या. ते जेवले. साईरामनं तेवढा तुकडा त्यांना परत परत लावून दाखवला, आणि प्रत्येक वेळी ते घास हातात धरून थांबले.

त्या दिवशी अक्का उपाशी राहिल्या. घरी येऊन माझी उरलेली आमटी वाढा म्हणाल्या आणि हवेत कंस न काढता जेवल्या. मला माझी ही नणंद फार आवडते. तिला तसं सांगायची सोय नाही, म्हणून इथं लिहून ठेवते.

दुसऱ्या दिवशी उरलेली नोंद टाइप करायला बसलो. निळ्या पडद्यानंतरच्या भागाला पडद्यावर नाव नव्हतं, तेव्हा ते नियमाप्रमाणे कंसात गेलं: पंगत, हरिताचं लग्न. मग अक्कांनी खालची टीप सांगितली. राजम व्हिडिओवाल्याला जेवायला बसवतात. पती अनिरुद्धराव यांना जेवलात का, असं विचारतात.

मी 'अनिरुद्धराव' टाइप केलं आणि माझी बोटं सवयीनं कंसाकडे गेली.

"कंस नको," अक्का म्हणाल्या.

"असं कसं? ते दिसतच नाहीत चित्रात. कुणाला विचारलं हा आपला अंदाजच की."

"अंदाज कशाचा, वत्सला?" अक्का म्हणाल्या. "उत्तर ऐकलं की आपण."