चिंचेपासून वाचलेली तीन अक्षरे

श्री. वामनराव खांबेटे यांना साठ वर्षे पुरी होत आहेत, तेव्हा त्यांच्या नाण्यांच्या अभ्यासाविषयी लिहावे, असे गौरव समितीने मला कळवले. सोबत अशीही सूचना आली की बार्शीकडच्या नाण्याचा विषय टाळावा, कारण ते नाणे त्यांनी हातचे घालवले. मुलींच्या शाळेतून मी निवृत्त झाले; अशा सूचना पाळण्यातून त्याच्या कितीतरी आधी झाले होते. म्हणून त्या नाण्याविषयीच लिहिते.

आमची ओळखही त्या नाण्यामुळेच झाली. वामनराव मुलांच्या हायस्कुलात इतिहास शिकवीत. एके दुपारी ते माझ्या खोलीत आले आणि कॉन्व्हेंटात मला ग्रीक अक्षरे शिकवली होती काय, असे त्यांनी विचारले. एका सिस्टरने हौसेने शिकवली होती. त्यांच्यामागे सरूबाई नावाच्या वृद्ध शेतकरी बाई उभ्या होत्या. त्यांच्या नातवाला वामनराव शिकवीत. त्याच्या घरी जेवायला गेले असता देव्हाऱ्यात त्यांना हे तांब्याचे नाणे दिसले होते. त्यावर घोडेस्वार असल्यामुळे घरात ते खंडोबा म्हणून पुजले जाई. देव एकटा परगावी पाठवायचा नाही, म्हणून सरूबाई स्वतः सोलापूरला आल्या होत्या.

नाणे गुळगुळीत झाले होते. वामनरावांनी खिडक्या लावून घेतल्या आणि मेणबत्तीचा उजेड नाण्याच्या कडेने आडवा पाडला, तेव्हा पुसट उठावांना सावल्या पडल्या. दोघांनी वेगळे वाचायचे, वेगळे लिहायचे आणि मगच बोलायचे, ही त्यांची पद्धत. माझ्या कागदावर शेवटची तीन अक्षरे आली, त्यांच्या कागदावर दोन. त्यांनी पुन्हा निरखून पाहिले आणि टिपणात लिहिले, ‘तिसरे अक्षर बाईंनी वाचले.’ माझे म्हणणे ऐकून घेणारे काही पुरुष या शहरात आहेत. ते माझ्या नावावर लिहिणारे हे पहिले.

त्या अक्षरांचा अर्थ ‘अमक्या गावच्या लोकांचे’ एवढाच. म्हणजे रोमन अंमलाखालच्या, ग्रीक बोलणाऱ्या एखाद्या पूर्वेकडील शहराने पाडलेले नाणे. गावाचे नाव मात्र गेले होते. ते कुठे गेले, हे सरूबाईंनीच अभिमानाने सांगितले. त्यांच्या सासूच्या सासूपासून दर सणाला देव चिंच आणि राख लावून लख्ख घासले जात. वामनरावांच्या जागी मी असते तर रागावून बोलले असते. ते म्हणाले, “आजी, यापुढे नुसत्या पाण्यानं आंघोळ घाला.”

“मग देव काळा पडंल की, मास्तर.”

“विठोबाला कोण चिंच लावतं?”

सरूबाईंनी क्षणभर विचार केला. “व्हय, त्ये बी हाय,” त्या म्हणाल्या.

बातमी फुटल्यावर शहरातले जाणते लोक वामनरावांकडे येऊ लागले. कोणी सुचवले, बाईला पूजेसाठी खंडोबाचा चांदीचा टाक करून द्या आणि नाणे संग्रहाला ठेवून घ्या. कोणी म्हणाले, एखाद्या नामांकित शहराचे नाव घाला, वर्तमानपत्रे छापतील. वामनरावांनी दोघांनाही एकच उत्तर दिले, “जे झिजून गेलं ते मी वाचलं असं लिहिणार नाही, आणि जे त्यांचं आहे ते माझं म्हणून ठेवणार नाही.” चहाच्या पेटीतला पातळ पत्रा नाण्यावर दाबून त्यांनी ठसा घेतला, टिपणात ‘शहर अनिश्चित’ असे लिहिले आणि नाणे सरूबाईंच्या पदराला बांधून दिले. समिती याला घालवणे म्हणते.

तेव्हापासून दर चंपाषष्ठीनंतर ते बार्शीला उतरून त्या खेड्यात जातात आणि अक्षरे पाहून येतात. गेल्या खेपेस मीही गेले होते. सरूबाई आता खूप थकल्या आहेत. घोडेस्वार काळा पडला आहे आणि तिन्ही अक्षरे शाबूत आहेत. धाकटी सून काळ्या देवावर नाराज आहे. सरूबाई तिच्यादेखत मला म्हणाल्या, “मास्तर येत्यात तवर कुणाला चिंचंला हात लावू देत न्हाय. म्होरलं काय म्या बघाय येणार हाय व्हय?”

तेव्हा वामनरावांनी शंभर वर्षे जगावे, डोळे व गुडघे धड ठेवावेत आणि चंपाषष्ठी एकदाही चुकवू नये, एवढेच माझे मागणे. त्यांच्या आयुष्याला जोडून आणखी तीन अक्षरांचे आयुष्य आहे.