सभागृह कुठलं?

ती सकाळ आठवली की आधी धुकं आठवतं. चाकणच्या बाजूच्या कंपन्या, उभ्या बसगाड्या, झाडं, सगळं अर्धवट पुसल्यासारखं. पहिल्या शिफ्टचा भोंगा पाण्याखालून आल्यासारखा वाजला.

आदल्या दिवशी आमदारांच्या स्वीय सहायकाने आमच्या पोलीस ठाण्यात तक्रार अर्ज दिला होता. गावच्या चौकातल्या फळ्यावर कोणीतरी लिहिलं होतं, 'आपल्या चौकातल्या सिग्नलबद्दल आमदारांनी सभागृहात एकदाही विचारलं नाही.' अर्जासोबत आमदारांचा छापील कार्य अहवाल. त्यात ओळ होती, 'चौकातील अपघातांचा प्रश्न सभागृहात मांडला.' आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला, त्याचा मला अभिमान आहे. त्यामुळे छापील ओळीवर विश्वासही जरा जास्तच. फळा खोटा, असं मी ठरवूनच टाकलं.

खबऱ्याने लिहिणाऱ्याचं नाव कळवलं. गावचाच, एका कंपनीत ऑपरेटर. तिसरी पाळी संपवून तो थेट ठाण्यात आला.

"व्हय साहेब, मीच लिवलं. पण त्यात खोटं काय न्हाई. विधानसभेच्या प्रश्नांच्या याद्या मोबाइलवर हायत. बसमधी जाता-येता समद्या वाचल्या."

पुढच्या महिन्यात तो कंपनीत कायम होणार होता. गुन्हा नोंदला असता तर पोलीस पडताळणीत अडकला असता. तरी तो शब्द मागे घेत नव्हता.

मी ठाण्यातल्या संगणकावर याद्या उघडल्या. कुठल्या कुठल्या गावांचे पूल, शाळा, पाणी डोळ्यांसमोरून स्वप्नासारखे सरकत राहिले. आमचा चौक काही आला नाही.

सहायकाला बोलावलं. "प्रश्न कधी मांडला? जबाबात तारीख लागेल."

"गणपतीत, साहेब."

"गणपतीत अधिवेशन?"

"अधिवेशन कशाला? ग्रामपंचायतीच्या सभागृहात. भाषण झालं ना. अहवालात तेच लिहिलंय."

ठाणे अंमलदाराने पेन खाली ठेवलं. "राव, मग तुमचंही खरं, त्याचंही खरं. गुन्हा लावू कोणावर?"

ऑपरेटर हळूच म्हणाला, "मग सिग्नल बी त्या हॉलमधीच बसवा की."

सहायकाने अर्ज मागे घेतला. तशी स्टेशन डायरीला नोंद केली. महिन्याने त्या ऑपरेटरची पडताळणी माझ्याच टेबलावर आली. 'प्रतिकूल काही नाही' लिहून मी सही केली.

चोराला आम्ही रोज विचारायचो, कधी, कुठे, कोणासमोर? मत मागून गेलेल्या माणसालाही तेच विचारायचं असतं, हे इतकी वर्षं वर्दी घालून मला सुचलं नव्हतं.