नंबरवाल्या मॅडम

मॅडमच्या नऊ बोटांची नखं अगदी बारीक कापलेली असायची आणि उजव्या करंगळीचं तेवढं वाढवलेलं. पेणच्या बाजारात बायका विचारायच्या, हे काय हो, नवस वगैरे? मॅडम म्हणायच्या, "हत्यार आहे." आणि खरंच होतं. कॉम्प्युटरच्या पोटातल्या कार्डावर बारीक काड्या उभ्या असत. त्यातल्या दोन काड्यांवर तुरीच्या दाण्याएवढी काळी टोपी बसवलेली असे, तिला जंपर म्हणत. ती टोपी मॅडम त्या नखाने अलगद उचलून शेजारच्या काड्यांवर बसवायच्या. बाकीचे चिमटा शोधत बसायचे.

ही सत्त्याण्णव सालाच्या आसपासची गोष्ट. पेणच्या क्लासात त्या हार्डवेअरची बॅच घ्यायच्या, आणि मी रोह्याजवळच्या निडी गावाहून तिथे शिकायला जायचे. "प्रोसेसर आपल्या कामात असतो," त्या सांगायच्या. "कीबोर्डला, माऊसला काही हवं असलं की त्याला हाक मारावी लागते. प्रत्येकाच्या हाकेचा नंबर वेगळा. एकाच नंबरावरून दोघं ओरडले, तर त्याने बघायचं कुणाकडे?" तेव्हा हे नंबर माणसालाच द्यावे लागत. नवं कार्ड आणलं की मोकळा नंबर शोधायचा आणि जंपर त्यावर बसवायचा. मशीन अडलं की मॅडमचा पहिला प्रश्न ठरलेला, "कुणाचा नंबर कुणी घेतलाय?" त्यावरून त्या आमच्या नंबरवाल्या मॅडम झाल्या.

मॉनिटरच्या डोक्यावर चापट मारणाऱ्याची मात्र खैर नसे. "मार खाऊन शहाणं झालेलं मशीन मी अजून बघितलेलं नाय," असं म्हणून त्या त्याला उठवून दाराशी उभा करायच्या. कंपनीतला मोठा माणूस असला तरी करायच्या. मला ते फार आवडायचं.

मग क्लासच्या मालकांनी रोह्याला दुसरा क्लास काढला. मला तिथे काउंटरवर बसवलं, आणि हार्डवेअरची बॅच तिकडे नेऊन तिला मुंबईहून एक सर आणले. मॅडमना म्हणाले, "तुम्ही आता टायपिंग बघा. कंपनीतली माणसं येणार. बाईकडून स्क्रू पिळायला शिकायचं, बरं नाही दिसत." काय तर म्हणे बरं नाही दिसत! पेणला एवढी पोरं त्यांच्या हाताखाली तयार झाली, तेव्हा कुणाचे डोळे दुखले नव्हते. मॅडम एवढंच म्हणाल्या, "माझी बॅच मला परत पाहिजे."

रोह्याच्या मशीनमध्ये फॅक्स पाठवायला मोडेमचं कार्ड बसवलं आणि कटकट सुरू झाली. मोडेमने फोन लावला रे लावला की माऊस जागच्या जागी मरायचा. सरांनी माऊस बदलला. हार्डडिस्क पुसून सगळं नव्याने भरलं. शेवटी म्हणाले, रोह्याची हवा दमट आहे. म्हणजे आमची हवासुद्धा वाईट!

रविवारी क्लास बंद असायचा. तो वार धरून मालकांनी मॅडमना गुपचूप बोलावलं. किल्ली माझ्याकडे, म्हणून मी हजर. मॅडमनी मशीन उघडलं, कार्डाकडे बघितलं आणि मला म्हणाल्या, "बघ गो. माऊस चार नंबरवर आणि मोडेमपण चारवरच. तीन मोकळा पडलाय." नख घातलं, जंपर हलवला. फोन लागला, माऊसही चालला. मालक खूश. मॅडम म्हणाल्या, "उद्या बॅचला मी येऊन हे शिकवणार." मालक म्हणाले, "या की, क्लास तुमचाच आहे."

सोमवारी त्या पेणहून आल्या, तेव्हा मालक बॅचपुढे उभे राहून सांगत होते, की सरांनी रविवारी सुट्टी न घेता मशीन दुरुस्त केलं. आणि सर मान हलवत होते! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

मॅडम आत गेल्या. "सर, काय केलंत, ते सांगा ना पोरांना." सर म्हणाले, "सेटिंगचा प्रॉब्लेम होता." मॅडमनी मशीन बंद केलं, उघडलं, जंपर उचलून परत चारवर ठेवला आणि स्क्रू पिळले. "मी काय बिघडवलेलं नाय," त्या म्हणाल्या. "शनिवारी होतं तसं ठेवलंय. आता सरांनी करून दाखवावं."

सरांनी केबल हलवून बघितली, मग माऊस पुसला. फोन लावला की माऊस मेलेलाच. मालक म्हणाले, "मॅडम, तुम्ही निघा. पेणलाही येऊ नका." सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं, खरं कोणाचं ते. चांगली शिकलेली, कमावती माणसं. एकालाही तोंड उघडवलं नाही.

मी काउंटर सोडून त्यांच्या मागोमाग स्टेशनपर्यंत गेले. मालक हाका मारत होते, मारू देत. वाटेत मॅडम म्हणाल्या, "त्या पोरांना चारचं कारण कळलंच नाय. आता हवेलाच नावं ठेवणार."

पुढे त्या डोलवीच्या बाजूला एका कंत्राटदाराच्या ऑफिसात टायपिंगला लागल्या. तोवर नवी मशीनं आली, नंबर आपले आपण वाटून घेणारी. परवा कुणीतरी मला म्हणालं, कशाला एवढा त्रागा केला त्या बाईने, दोन वर्षांत सगळं आपोआपच झालं असतं. त्या माणसाशी मी आता बोलत नाही.

नंतर एकदा त्या पेणच्या एसटी स्टँडवर भेटल्या. मी विचारलं, "मॅडम, ऑफिसातली मशीनं तुम्हीच बघत असाल ना?"

"नाय गो," त्या म्हणाल्या. "बंद पडलं की मला खुर्ची सोडायला सांगतात आणि पनवेलहून माणूस बोलावतात."