हिल्मारची कव

ऐन मासे लागायच्या वेळी ओदमुनची गळाची दोरी तुटली आणि बघता बघता सगळी समुद्रात गेली. हातात उरला एक तुकडा, दोन्ही टोकांना लाल लोकरीची खूण असलेला. एका खुणेपासून दुसरीपर्यंत बरोबर एक फाव्न.

आमच्या उत्तर नॉर्वेच्या बेटांवर फाव्न म्हणजे कव. मुळात हा शब्द आला तोच दोन्ही हात पसरण्यावरून. आई लेकराला घेते ती फाव्नात, आणि समुद्राची खोली मोजायची तीही फाव्नानंच. आता हात काय सगळ्यांचे सारखे असतात होय? ओदमुनचे आखूड. म्हणून दोरीवरच्या खुणा बांधल्या होत्या थोरल्या भावानं, हिल्मारनं, आपल्या लांबलचक हातांनी. गेल्या हिवाळ्यात हिल्मार गेला. दोघंही बिनलग्नाचे, जन्मभर एका होडीत, एका चुलीपाशी. पण एकमेकांना कधी मिठी मारली असेल तर शपथ! अजून ओदमुन सवयीनं दोघांचे बटाटे उकडायचा आणि उरलेले पाहून त्याला रडू यायचं. भावाच्या हातांचं माप म्हणून आता एवढा तुकडाच राहिला होता.

तो घेऊन ओदमुन बोर्गिलच्या दुकानात गेला. ती त्याच्या शाळेतली.

"नवी दोरी दे. तीस फाव्न."

"मीटरमध्ये बोल की रे म्हाताऱ्या! नाहीतर पसर हात नि घे मोजून."

"माझे नकोत. हिल्मारच्या हातांनी मोजायचीय."

बोर्गिलची थट्टा तिथंच थांबली. तिनं दोरीचं टोक धरलं. ओदमुन तुकडा लावायचा, खूण बांधायचा, पुढं सरकायचा.

"अरे, पण ओढताना दर वेळी तुझा हात वीतभर कमी पडणार," ती म्हणाली.

"पडू दे. आजवर पडतच आलाय."

मोजून झालं. "हे कुजकं टाकू ना आता चुलीत?" म्हणत बोर्गिलनं तुकडा उचलला. ओदमुननं तो हिसकावूनच घेतला. मग पाठ फिरवून त्यानं स्वेटर वर केला, तुकडा छातीभोवती गुंडाळला आणि टोकं घट्ट खोचली.

"हे रे काय?"

"थंडी वाजतेय," ओदमुन म्हणाला.

जूनचा महिना, दुकानाचं दार सताड उघडं, ऊन पार आतवर आलेलं. बोर्गिल पुढं झाली, त्याचा स्वेटर नीट खाली ओढला आणि म्हणाली, "हो रे. आज गारठा आहेच."