काउंटर नसलेलं दुकान

आमच्या ग्राहक भांडाराचं मुख्यालय म्हणजे नाशिकच्या भद्रकालीतलं एक जुनं गोदाम. दारावर निळ्या अक्षरांत ‘मध्यवर्ती कार्यालय’ अशी झोकदार पाटी होती, आणि पाटीखालून आत शिरलं की आधी शिंका यायच्या, कारण दाराशीच मिरचीची पोती. अध्यक्षांचं टेबल तूरडाळ आणि गूळ यांच्या मधोमध. ते निवृत्त मुख्याध्यापक, म्हणून आम्ही त्यांना सरच म्हणायचो. बाहेरगावचे पाहुणे आले की ते दोन्ही हात पसरून म्हणायचे, “या, हे आमचं हेड ऑफिस. फक्त त्या गुळाला टेकू नका, मुंगळे आहेत.”

त्या गोदामात आम्ही काही बायका धान्य निवडून पिशव्या भरायचो. घाऊक बाजारातून पोत्यानं घ्यायचं, मधला दलाल गाळायचा आणि शहरातल्या आपल्या दुकानांतून बाजारभावापेक्षा स्वस्त विकायचं, एवढंच आमचं शास्त्र. साखरेची नि डालड्याची टंचाई असायची त्या काळात ते लोकांना भलतंच पटलं. एका दुकानाची चार झाली, आणि सर पोत्यांमधून राजासारखे फिरू लागले.

ऐंशीच्या सुमारास सरांच्या डोक्यात नवीन खूळ शिरलं. दुकानातलं काउंटरच काढून टाकायचं. गिऱ्हाइकानं फिरून हवा तो माल स्वतः उचलायचा आणि दाराशी पैसे द्यायचे. द्यायला-घ्यायला माणसं कमी लागतील, म्हणजे भाव आणखी उतरवता येतील. संचालक मंडळी खो खो हसली. लोक दुकान धुऊन नेतील म्हणाली. मी तेव्हा चहा द्यायला आत गेले होते. कुणी विचारलं नसताना बोलले, “नेणार नाहीत. करून तर बघा.”

काउंटर या वस्तूवर माझा जुना राग. विंचूरच्या अलीकडे आमचं खेडं. आई लहान असताना आमच्या जातीच्या माणसांनी दुकानाच्या पायरीखाली उभं राहायचं, आणि मीठ-गूळ वरून ओच्यात टाकला जायचा. मालाला हात लावायची सोय नव्हती. पुढे आम्ही बौद्ध झालो, वडिलांना नाशकात कारखान्यात नोकरी लागली, सातपूर कॉलनीत घर मिळालं, मी मॅट्रिक झाले. पण आई आयुष्यात कुठल्या दुकानाच्या आत गेली नव्हती. खरेदी वडील करायचे नाहीतर मी. तिला काही म्हटलं की “मला काय आत काम हाय?” एवढंच उत्तर.

प्रयोगासाठी सातपूर कॉलनीतलंच दुकान ठरलं, आणि मी भांडून तिथं बदली करून घेतली. काउंटर खोलून गोदामाच्या माळ्यावर टाकलं. दिवाळीपर्यंत लोकांना सवय झाली नाही तर ते पुन्हा बसवायचं, अशी मंडळाची अट होती. सुताराला सांगूनही ठेवलं होतं मेल्यांनी.

आणि लोक! काउंटर गेलं तरी फरशीवर त्याच्या जागी फिकट पट्टा उरला होता. जो येई तो त्या पट्ट्याशी येऊन उभा राही. “ताई, अर्धा किलो पोहे.” मी म्हणायची, “ते काय समोर, घ्या ना.” तो गृहस्थ पोह्यांकडे बघे, माझ्याकडे बघे, आणि पुन्हा म्हणे, “अर्धा किलो.” एक बाई बराच वेळ थांबून म्हणाल्या, “दुकानदार जेवायला गेलेत का?” मी हसून हसून बेजार व्हायची आणि रात्री मात्र चिडचिड करायची. दिवाळी तोंडावर आली तरी पट्टा कुणी ओलांडेना.

अशात एका संध्याकाळी, दुकानात गर्दी असताना, आई आली. सणाचा साबण हवा होता आणि वडिलांची कारखान्यात संध्याकाळची पाळी होती. ती पट्ट्यापर्यंतसुद्धा आली नाही. बाहेर पायरीवरच उभी राहिली आणि पिशवीचं तोंड फाकवून म्हणाली, “दे की इथनंच.”

माझं डोकंच फिरलं. “मी देणार नाही,” मी सगळ्यांदेखत म्हटलं. “तुझ्या हातानं घे.”

“लोकं बघत्यात, बाई.”

“बघू देत.”

ती रागावून निघून जाईल असं मला वाटलं. पण तिनं चपला काढल्या, हात पदराला पुसले, आणि पट्टा ओलांडून थेट साबणांपाशी गेली. एक वडी उचलली, हुंगली, ठेवली. दुसरी उचलली.

“समद्याला हात लावला तर चालंल का?”

“चालेल.”

“आन् नाय घेतलं तर?”

“तरी चालेल.”

मग ती सुटलीच. डाळीच्या पिशव्या दाबून बघितल्या, हळद नाकाशी धरली, खोबऱ्याच्या वाट्या वाजवल्या, फणीचे दात अंगठ्यानं खर्रकन वाजवले. बुटाचं पॉलिशसुद्धा हुंगलं, आमच्या घरी बूट कुणालाच नव्हते. “मावशी, तो मोतिया साबण कसा आहे हो?” पट्ट्यामागून एकीनं विचारलं. “ये की हिकडं, तूच बघ,” आई मागं न बघता म्हणाली. ती बाई आली. तिच्यामागं दुसरी. पोह्यांचे गृहस्थही आले. आई त्यांना दुकान दाखवत होती, जशी काही तिच्या बापाची पेढी!

गर्दी ओसरल्यावर आईला घरी सोडायचं म्हणून मी कुलूप लावणार, तोच सर आले आणि पसारा बघून दारातच थबकले. “भूकंप झाला की काय?”

“गिऱ्हाईक आलं होतं, सर.”

ते तांदळाच्या पोत्यावर बसले आणि चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसले. दिवाळीनंतर सुताराला बोलावलं, पण काउंटर फोडून त्याच्या माल मांडायच्या फळ्या करायला. नाशिकरोडला, पंचवटीला नवीन दुकानं उघडली ती काउंटर नसलेलीच. हेड ऑफिसातली मिरची मात्र शेवटपर्यंत दाराशीच राहिली.

त्या संध्याकाळी घरी जाताना आईनं पिशवी मला धरू दिली नाही. पिशवीत साबणाची एकच वडी होती. वाटेत थांबून तिनं आपला तळवा माझ्या नाकाशी धरला. “बघ,” ती म्हणाली, “समद्या दुकानाचा वास येतोय.” मला रडू आलं आणि हसूही. जेवणाची वेळ होईपर्यंत तिनं ते हात धुतले नाहीत.